'घेतली' म्हणा

वॉर्डात ड्यूटी बदलताना रुग्ण सोपवायचा एक नियम आहे. पुढची नर्स 'घेतला' म्हणत नाही, तोवर आधीचीने खाटेजवळून हलायचं नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आज त्याचाच सराव होता. मॅडमनी लवंगीला उभं केलं. चणीने लहान, जिभेने तिखट, म्हणून ती लवंगी. सकाळपासून ती आतल्या आत धुमसत होती. तिच्या खोलीतली मैत्रीण वसतिगृहात भिंतीकडे तोंड करून पडली होती. सगळ्यांच्या अंगावर पांघरूण घालत फिरायची म्हणून तिला सगळ्या 'आजी' म्हणत. त्या आजीला कालच मॅडमचा निरोप आला होता: नाटकं पुरे, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही.

"रुग्ण स्त्री, वय वीस," लवंगीने सुरुवात केली. "झोप नाही. घास घशाखाली उतरत नाही. आंघोळीलाही उठत नाही. काल म्हणाली, मी मेले तर हजेरीची कटकट तरी मिटेल."

मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

"डॉक्टरांना कळवलं?" मॅडमनी विचारलं.

"वरिष्ठांना कळवलं. त्यांच्या परवानगीशिवाय दवाखान्यात नेता येत नाही. त्या म्हणाल्या, नाटकं करते."

मॅडमनी खडू टेबलावर आपटला. "नर्सने दिसतं ते सांगायचं असतं, निवाडा द्यायचा नसतो. पोरगी मरणाची भाषा बोलते आणि ही म्हणे नाटकं. कोण ही अक्कलशून्य बाई?"

"तुम्ही, मॅडम."

मॅडमनी हजेरीची वही पुढे ओढली.

"आजीजवळ शेजारच्या खोलीतली मुलगी बसलीय," लवंगी म्हणाली. "तिचीही हजेरी कापा."

"खाली बस." मॅडमचा आवाज चिरकला. "आम्हीही रडत-रडतच शिकलो. आम्हाला काही झालं का?"

"झालं की. हेच झालं."

"बस म्हटलं ना."

"कशी बसू? तुम्ही अजून 'घेतली' म्हणाला नाहीत."

मॅडमनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"घेतली," त्या पुटपुटल्या. मग सवयीनेच विचारलं, "खाट कुठली?"

"दाखवते. डॉक्टरांना फोन चालता चालता करा."

वसतिगृहाचा जिना चढताना मॅडमना धाप लागली. एरवी लवंगीने हात दिला असता. आज तिने मागे वळूनही पाहिलं नाही.