बुधवारचा उपास

दिल्लीत पुण्य करायचे वार ठरलेले आहेत. मंगळवार हनुमानाचा, शनिवार शनिदेवाचा. त्या दिवशी मुनिरक्यात एकेका गल्लीत दोन-दोन भंडारे लागतात. पुरी, आलू, हलवा, तेही आग्रह करकरून, आणि संध्याकाळी उरलेल्या पुऱ्या नालीत. बुधवारी त्याच गल्लीत कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. भूक मेली रोजची. नावं ठेवत नाहीये हं मी. फेलोशिप अडकून पडली होती तेव्हा त्या पुऱ्यांवरच मी पीएचडी रेटत होतो.

घरी हे कळू द्यायचं नव्हतं. आईला नुसती कुणकुण लागली असती तरी ती म्हणाली असती, "पुरे झालं शिक्षण, निघून ये." आणि मी गेलोही असतो. तिची इथली हेर म्हणजे कुमुदकाकू, तिची शाळेपासूनची मैत्रीण. श्यामकांतकाका मिनिस्ट्रीत, त्यामुळे मुक्काम जवळच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात. त्यांच्या मुलीला, संपदाला, मराठी वाचायला शिकवायला मी जायचो. "जेवून जा रे," असं काकू म्हणाल्या की मी घाबरायचो. भुकेला माणूस पानावर बसला की लपत नाही. म्हणून मी सांगायचो, "उपास आहे, काकू." सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. मग काकू साबुदाण्याची खिचडी द्यायच्या आणि मी ती हावरेपणा दिसू नये म्हणून अगदी सावकाश खायचो.

एकदा बुधवारी गेलो.

"आज कुणाचा?" काकूंनी विचारलं.

"गणपतीचा."

"बुधवारी?"

"इकडे नॉर्थमध्ये बुधवारीच असतो."

"अच्छा," म्हणून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. उपासाचंच असणार म्हणत मी पहिलं संपवलं, मग दुसरं. तिसऱ्याला काकू समोर येऊन बसल्या.

"सुधन्वा, उपासाला कांदा कधीपासून चालायला लागला रे?"

मी हातातला तुकडा नीट पाहिला. भाजणीचं थालीपीठ, कांदा-कोथिंबीर घातलेलं, आणि मला पत्ताच नव्हता. मग मात्र सगळं सांगून टाकलं, मंगळवारच्या पुऱ्यांसकट. रडलोही. चोरी पकडली जावी आणि इतकं हलकं वाटावं, असं पुन्हा कधी झालं नाही.

"आईला सांगू नका," एवढंच म्हणालो.

काकूंनी त्यावर काहीच कबूल केलं नाही. म्हणाल्या, "माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. म्हणून शिकले, म्हणून आज आम्ही इथे सुखानं दोन घास खातोय. त्यात लाज कसली, वेड्या? बुधवार माझा." आणि तिथेच फोन घेऊन बसल्या. गुरुवार काकांच्या ऑफिसातल्या अक्षताताईंकडे, रविवार कोपर्निकस मार्गावर नोकरीला असलेल्या मुरलीधरभाऊंकडे. सोमवार-शुक्रवारचीही सोय झाली, आठवडा भरत आला.

"आणि मंगळवार, शनिवार?" आतून काकांनी विचारलं.

"ते राहू देत हनुमान आणि शनिदेवाकडे. त्यांचं अगदी छान चाललंय."

चार दिवसांनी आईचा फोन आला. "कुमुदशी बोलले," ती म्हणाली. आता बॅग भरायची, एवढंच डोक्यात.

"म्हणाली, सुधन्वा फार देवभक्त झालाय. बुधवार तर चुकवत नाही. बरं वाटलं बाबा. एकटा आहेस तिकडे, देव तरी आहे पाठीशी. त्याला माझाही नमस्कार सांग."

"सांगतो," म्हणालो.

बुधवारी काकूंनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच वाकून त्यांच्या पाया पडलो.

"हे काय आता नवीन?"

"आईनं नमस्कार सांगितलाय. बुधवारच्या देवाला."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल, हात धू. पान वाढलंय."