कॉपर हेरनचा ढोलवाला

नगर जिल्ह्यात कॉपर हेरन या बँडचे चाहते एकूण दोन. एक सावेडीत राहतो, दुसरा तिसगावात. तिसरा जोडण्याचा खटाटोप दोघांनी आयुष्यभर केला, पण ज्याला म्हणून बसवून ऐकवलं, त्याला पाच मिनिटांत काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. अर्थात खुद्द इंग्लंडानंही या बँडला फारशी भीक घातली नव्हती. सत्तरच्या सुमाराला चार पोरांनी मिळून एकच तबकडी काढली, ती खपली नाही, आणि पोरं आपापल्या नोकरीधंद्याला लागली. आज जगभरातले त्यांचे सगळे चाहते इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये आरामात मावतात.

सावेडीतला चाहता म्हणजे शामकांत, बँकेतून निवृत्त झालेला. तिसगावचा गहिनीनाथ, कांदा आणि तूर करणारा शेतकरी. दोघं नगरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचे, तेव्हा एक इंग्रज प्राध्यापक वर्षभरासाठी पाहुणे म्हणून आले होते. कव्हरवर तांबूस बगळा असलेली ती तबकडी त्यांची. दिवाळीच्या सुट्टीत ते फिरायला निघाले आणि या दोघांचं वेड बघून तबकडी आणि रेकॉर्ड प्लेअर त्यांच्या हवाली करून गेले. पोरांनी ते सगळं एसटीनं तिसगावला नेलं, कारण गहिनीनाथच्या फौजी चुलत्यानं टेपरेकॉर्डर आणला होता. प्लेअरसमोर टेप ठेवला, बटण दाबलं आणि अख्खी तबकडी कॅसेटवर उतरवून घेतली. पुढं कंपन्यांच्या भांडणात ती तबकडी बाजारातून कायमची नाहीशी झाली. या दोघांचा बँड म्हणजे ती कॅसेट.

महिन्यातून एका रविवारी गहिनीनाथ सावेडीला यायचा. चपला बाहेर, मोबाईल बंद, आणि बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. शामकांतची बायको शोभा याला पूजा म्हणायची आणि प्रसादाला भजी तळायची.

यंदा अघटित घडलं. लंडनच्या एका छोट्या कंपनीनं ती तबकडी पुन्हा काढायचं ठरवलं, आणि सोबतच्या पुस्तिकेत चाहत्यांचे चार शब्द छापायचे म्हणून ग्रुपवर आवाहन केलं. शामकांतला लिहायला जमेना. बँकेतल्या नोकरीनं त्याची भाषा पार वाळून गेली होती. गहिनीनाथ मात्र बाजेवर बसून फोनवर एका दमात बोलला आणि शामकांतनं त्याचं इंग्रजी केलं. गहिनीनाथ बोलला होता ते दुसऱ्या बाजूच्या ढोलाबद्दल. हा ढोल कसा घाई करत नाही, मिरवत नाही, आणि बासरी अगदी बारीक होते तिथं ढोलवाला कसा हात थांबवतो. बासरी संपेपर्यंत तो गप्प बसून राहतो, ती संपली की मगच पुन्हा वाजवतो. दुसऱ्याचं ऐकायला मिळावं म्हणून आपला हात थांबवणारा असा वाजवणारा मी पाहिला नाही, असं त्यानं शेवटी म्हटलं होतं.

गहिनीनाथची बायको छबूबाई हिनं माहेरी फोन करून सांगितलं, की आमच्या मालकांचं नाव विलायतेत छापून येणार हाय. भावकीत चर्चा झाली. एरवी बगळेवाल्यांच्या नादी लागलेला म्हणून गावानं त्याची टिंगलच केली होती.

आणि मग लंडनहून उत्तर आलं. संपादकानं फार गोड लिहिलं होतं. मजकूर आम्हाला मनापासून आवडला, पण एक शंका आहे, दुसऱ्या बाजूला ढोल नाहीच. त्या आठवड्यात ढोलवाला आजारी होता, बाकी तिघांनी त्याच्याशिवायच वाजवलं. तुमच्या मित्राचा मजकूर आहे तसाच छापायचा का? खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं मूळ ध्वनिमुद्रणही पाठवलं होतं.

शामकांतनं कानाला हेडफोन लावले. बासरी होती, ऑर्गन होता, गिटार होती. ढोल नव्हता. त्यानं पुन्हा ऐकलं, तरी नव्हता. टेपरेकॉर्डरच्या मोटारीनं काहीतरी घोळ केला असणार, एवढंच त्याला सुचलं. मजकूर छापला तर ग्रुपमधले सगळे गहिनीनाथला हसणार, आणि काढून टाकायचा तर त्याला कारण सांगावं लागणार. आयुष्यभर तुला जे सगळ्यात आवडलं ते नव्हतंच, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याला स्वतःच्या फजितीचं काही वाटत नव्हतं. गहिनीनाथचा चेहरा पडलेला बघायला लागेल, याचं वाटत होतं.

रविवारी गहिनीनाथ भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आला. इस्त्रीचा सदरा घातलेला, स्वारी खुशीत.

"वहिनी, शेंगा उकडा. आज बगळेवाल्यांना निवद दाखवू," तो शोभाला म्हणाला.

शोभाला सगळं माहीत होतं. ती नुसतं "बसा भाऊजी" म्हणाली आणि आत गेली. शामकांतनं शब्द जुळवून ठेवले होते, पण तो नुसता स्पीकरच जोडत बसला. शेवटी तो म्हणाला, "गहिन्या, त्यांनी मूळ गाणं पाठवलंय. बोलू नकोस, आधी ऐक."

दुसरी बाजू सुरू झाली. आवाज इतका लख्ख होता की बासरी वाजवणाऱ्याचा श्वास कळत होता. गहिनीनाथनं डोळे मिटले आणि नेहमीच्या जागी मांडीवर बोटानं ठेका धरला. थोड्या वेळानं बोट थांबलं. त्यानं डोळे उघडून शामकांतकडं पाहिलं, पण नियम मोडला नाही. बाजू संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

"ढोल कुठंय?" तो म्हणाला.

"नाहीये. कधीच नव्हता. त्यांचा वाजवणारा आजारी होता." शामकांतला वर बघवेना. "आपल्या टेपचा काहीतरी दोष असेल. मला फार वाईट वाटतंय रे."

गहिनीनाथच्या कपाळावर आठी पडली. मग म्हणाला, "आपली कॅसेट लाव."

शामकांतनं लावली. खरखर, मग बासरी, आणि तिच्या पाठीमागून भिंतीआडून यावा तसा तो ठेका. पुक, पुक, पुक, पुक. गहिनीनाथ पुढं झुकून ऐकत होता. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"आरं शाम," तो म्हणाला. नियम त्यानं पहिल्यांदाच मोडला. "ही आमची गिरन हाय."

शामकांतला कळेना.

"आप्पाची गिरन. भिंतीपल्याड हुती की. डिझेलचं इंजन, धुराड्यावर डबा उपडा घातलेला. गिरन चालू हाय हे अख्ख्या गावाला कळाया पायजे म्हनून."

"मग स्वतःच्या वडिलांची पिठाची गिरणी इतकी वर्षं तुला ओळखू कशी आली नाही?"

"मी जन्मल्यापास्नं ती चालूच हुती. आमाला ती ऐकूच यायची न्हाई. बंद पडली, तरच ऐकू यायची." तो हसला. "आन् आपून कान लावला हुता विलायतेला."

शामकांतलाही हसू फुटलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. मित्राला वाईट वाटलं नाही, सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात टेपवरची बासरी बारीक झाली आणि ठेका थांबला.

गहिनीनाथचं हसू तिथंच विरलं.

"बंद केली," तो म्हणाला.

"डिझेल संपलं असेल."

"गप. ऐक."

बासरी एकटीच वाजत राहिली. स्वयंपाकघरातून शोभा दारात येऊन उभी राहिली. बासरी संपली, शेवटचा सूर विरला, आणि कॅसेट खट्कन थांबायच्या आत पुन्हा सुरू झालं. पुक, पुक.

"त्या दिशी बाजार हुता," गहिनीनाथ म्हणाला. "बाया डबं घिऊन रांगंत उभ्या. बहिनीच्या लग्नात हळद लागस्तवर आप्पानं गिरन थांबवली न्हवती. मला म्हनायचा, काय ते कोकलनं ऐकतूस. माझं गानं त्याला कधी कळलं न्हाई, आसंच मी धरून चाललो. मरस्तवर त्याच्यासंगं ह्यावर धड बोललो न्हाई."

शामकांतला आता एक गोष्ट आठवली आणि त्याचे कान तापले. "त्या दिवशी, टेप चालू असताना आप्पा दारात आले होते," तो म्हणाला. "तू टेपवर वाकलेला होतास, तुझी पाठ होती. अंगभर पीठ, हातात काहीतरी फडकं. ते बोलायला लागले आणि मी ओठावर बोट ठेवलं. त्यांच्याच घरात, त्यांनाच. ते काही न बोलता मागं वळले. मला वाटलं, रागावून गेले. भीतीनं तुला कधी सांगितलं नाही."

गहिनीनाथनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. शोभानं उकडलेल्या शेंगांचं ताट त्याच्यापुढं ठेवलं, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मी तो मजकूर मागं घेतो," शामकांत हळूच म्हणाला. "काहीतरी कारण कळवतो त्यांना."

"मागं कशाला? मी लिवलंय त्यात खोटं काय हाय?" गहिनीनाथ म्हणाला. "ढोल न्हवता, गिरन हुती, हे सांग त्यांना. हसू देत. पन बाकीचं हाय तसं छापा म्हनाव. फकस्त वाजवनाऱ्याचं नाव घाल."

शामकांतनं लॅपटॉप उघडला. नाव त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी त्यानं विचारलं. गहिनीनाथनं सदरा नीट केला, ताठ बसला, आणि छगन या आप्पाच्या नावापासून आजोबाच्या नावापर्यंत, मग आडनाव आणि गाव, असं सगळं सावकाश सांगितलं.