धुतलेला शर्ट

काकूंनी पिशवीतून शर्ट काढून ताईंच्या टेबलावर ठेवला. शर्ट स्वच्छ होता. कडक इस्त्री केलेला, घडी मोडू नये म्हणून आत पुठ्ठा घातलेला.

"धुतलात?" ताईंनी विचारलं.

"मग? सगळं गाव बघायला येणार म्हणालात ना! मळका कसा टांगायचा माणसाचा शर्ट?" काकू खुशीत होत्या. "तीस वर्षं पाणी लावलं नव्हतं. त्यांचा वास जाईल म्हणून. पण आता म्हटलं, बास झाले मनाचे लाड."

"छान निघालाय," ताई म्हणाल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांना स्वतःची शरम वाटली.

गावच्या संग्रहालयात कारखान्यातल्या तीस वर्षांपूर्वीच्या स्फोटावर नवं दालन होत होतं, आणि ते काम ताईंकडे होतं. पावडरीच्या गोदामात स्फोट झाला, काळा धूर गावभर पसरला, सोळा कामगार गेले. दालनाच्या भिंतीवर त्या सोळांचे फोटो लागणार होते. काकूंचे यजमान सतरावे. ते त्या दिवशी खोकत घरी आले, मी गोदामातच होतो असं सांगत राहिले आणि आठवड्याच्या आत गेले. कारखान्याने तेव्हा हात झटकले. हा माणूस पाळी सोडून आधीच पळाला होता, गोदामात नव्हताच, म्हणे. गावाला तेवढंच हवं होतं. पळपुट्याची बायको हे नाव काकूंना चिकटलं ते चिकटलंच.

दालनासाठी संग्रहालयाने गावकऱ्यांच्या बैठका घेतल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकू पहिल्यांदा बोलल्या. त्या दिवशीचा शर्ट ट्रंकेत आहे म्हणाल्या. फौजदारीणबाई लगेच उसळल्या. त्यांचा नवरा सोळांपैकी एक, आणि जीभ अशी की गावाने हे नावच पाडलेलं. "आमची माणसं आत जळली. त्यांच्या रांगेत पळालेला नको," असं त्यांनी भर बैठकीत सगळ्यांना ऐकवलं. शेवटी दालनाच्या समितीने तोडगा काढला. शर्टावरची पावडर प्रयोगशाळेत तपासायची. गोदामातलीच निघाली तर सतरावा फोटो लावायचा.

तपासणीचं ताईंनी काकूंना सांगितलं होतं. धुऊ नका, हे मात्र सांगितलं नव्हतं. संग्रहालयात काम करणाऱ्या माणसाला ते सांगावं लागतं हेच सुचत नाही. तिथे जुन्या चपलेवरच्या चिखलालाही कुणी फुंकर मारत नाही. आणि काकूंना वाटलं, मशीनला काय, डाग आतून दिसत असणार. एक्स-रेत हाड दिसतं तसं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: साबण आणि सुती कापड, दुसरं काही नाही.

"मिटला विषय," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "काही सापडलं नाही, असं कळवा बाईंना. जास्त खोलात जाऊ नका. उगाच म्हातारीच्या जिवाला घोर."

साहेबांचं बोलणं दयेचं होतं आणि ताईंना ते पटतही होतं. पण घरी जाऊन त्यांनी पुन्हा विचार केला. काही सापडलं नाही, एवढंच सांगितलं तर काकूंना काय वाटेल? नवरा मरताना खोटं बोलला, असंच. आणि धुण्यात गेलं म्हणावं, तर पुरावा आपल्याच हाताने घालवला, हे ओझं जन्माचं. दोन्हीकडून म्हातारीच मरणार होती, आणि चूक होती ताईंची.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. काकूंनी गॅस बंद केला. मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"म्हणजे मीच पुसलं त्यांना," त्या म्हणाल्या.

"नाही हो काकू. सांगायचं काम माझं होतं."

"चोळ चोळ चोळला मी. दिसायला काळा, पण पाणी सुटलं ते निळं. बादलीभर निळं पाणी. मी मेली म्हणते, सुटली एकदाची घाण." त्यांनी मोरीकडे बोट दाखवलं. "मोरीच्या फरशीला अजून डाग आहे. तो चालेल का तुमच्या मशीनला?"

ताईंनी त्याचीही चौकशी केली. साबण, फिनेल आणि पावडर यांची त्या फरशीवर इतकी खिचडी झाली होती की खात्रीने काही सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. समितीने सोळाच फोटो कायम केले. समितीत कारखानदाराचा जावई होता, तो या निर्णयावर समाधानाने मान हलवत होता. ताईंना त्याच्या डोक्यात फाइल घालावीशी वाटली.

शर्ट परत घेता का, असं ताईंनी विचारलं. काकू नको म्हणाल्या. "टांगा. पण खरं काय ते लिहा. माझं धुणं लिहा, तुमचं न सांगणं लिहा. आणि निळं पाणी लिहा."

संग्रहालय कुठे स्वतःची चूक भिंतीवर लिहितं का, म्हणून साहेबांनी खूप आकांडतांडव केलं. ताईंनी नोकरीची पर्वा सोडून पाटी लावली.

उद्घाटनाला गर्दी झाली. लोक सोळा फोटोंपुढे थांबत, हात जोडत, आणि शर्टापुढून नुसते सरकत. "धुतलेल्या शर्टात काय बघायचं?" कुणीतरी म्हणालं, त्यावर दोघं हसली. काकू शर्टाशेजारी मान खाली घालून उभ्या होत्या. यांना इथे कशाला बोलावलं, असं ताईंना झालं.

फौजदारीणबाई आल्या त्या थेट नवऱ्याच्या फोटोकडे गेल्या. परत फिरताना पाटीपुढे थबकल्या. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली. ताई पुढे झाल्या. आता इथे तमाशा नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"निळं?" फौजदारीणबाईंनी काकूंना विचारलं. तीस वर्षांत त्या पहिल्यांदा थेट काकूंशी बोलत होत्या.

"निळं," काकू म्हणाल्या.

"दवाखान्यातून आमच्या ह्यांच्या कपड्यांचं गाठोडं आलं होतं. काळंकुट्ट. मी भिजत घातलं, तर बादली निळी झाली. माझी बोटं निळी झाली होती. घरातल्या बाकीच्या कपड्यांवर नुसता धूर बसलेला, त्यांचं पाणी काळंच निघालं." फौजदारीणबाईंचा आवाज इतका बारीक कुणी कधी ऐकला नव्हता. "कधी कुणाला बोलले नाही. बाईमाणसाच्या धुण्याचं कोण विचारतं?"

काकूंनी मान वर केली.

"आतच होता गं तुझा माणूस," फौजदारीणबाई म्हणाल्या. "माझ्याच्याच शेजारी असेल. आणि मी मेली त्याला गावभर पळपुटा म्हणत फिरले." बोलता बोलता त्यांनी आधारासाठी शर्टापुढच्या काचेवर हात टेकला.

समितीची माणसं पलीकडे चहा घेत होती. भिंतीवर फोटो सोळाच होते. काकू शर्टाकडे बघत राहिल्या. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, की रडल्याही नाहीत.

"ताई," त्या म्हणाल्या, "हिला खुर्ची द्या."