दहा पावलांवरचा आवाज

शुक्रवारी दुपारपर्यंत क्लिफर्ड हेब्डननं आपल्या जुन्या मोटरसायकलचा कार्बुरेटर सहाव्यांदा उघडून सहाव्यांदा बसवला होता, आणि राग काढायला आता कुणी उरलं नव्हतं. आधी त्यानं नव्या पेट्रोलला शिव्या घातल्या, मग ते विकणाऱ्यांना, मग कार्बुरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, पाठवणाऱ्या दुकानदाराला. शेवटी पाळी आली स्क्रूड्रायव्हरवर. तो बिचारा क्लिफर्डच्या बापाचा, पन्नास वर्षं मुकाट राबलेला. क्लिफर्डनं तो शेडच्या दारातून भिरकावला आणि तो रुबार्बच्या वाफ्यात जाऊन पडला. तिथून शोधून आणायलाही क्लिफर्डलाच जावं लागलं, चिखलात गुडघे टेकून.

रविवार दोन दिवसांवर आला होता. दर एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी खिंडीतल्या पबसमोर क्लबच्या जुन्या मोटरसायकली रांगेत लागतात. ज्याचं इंजिन जागच्या जागी, बंद न पडता सगळ्यांत हळू चालेल, त्याला फ्रूटकेक मिळतो, वर चीजच्या जाड तुकड्यासकट. पंच दहा पावलांवर पाठ करून, डोळे मिटून उभा राहतो आणि मिनिटभर ठोके मोजतो. केक तसा दोघांत संपेल एवढाच. पण गेली अकरा वर्षं तो क्लिफर्डच्या घरी येत होता. अख्ख्या खोऱ्यातली माणसं हवा-पेट्रोलचा मेळ बसवायला गाड्या त्याच्याकडे आणायची. ‘क्लिफच्या कानाला दाखवून आण,’ असंच म्हणायचे सगळे.

रविवारी ही गाडी फसली, तर गाडी फसली असं कुणी म्हणणार नव्हतं. क्लिफचे कान गेले, असं म्हणणार होते. म्हणून दोष कार्बुरेटरमध्येच सापडायला हवा होता, आणि तो काही केल्या सापडत नव्हता.

कानाचं यंत्र होतं त्याच्याकडे. पानगळीच्या दिवसांत इस्पितळानं दोन दिली होती, फुकट. त्यानं ती एक दिवस घातली. कपबशा भंगारच्या दुकानासारख्या वाजायला लागल्या, तेव्हा काढून डबीत ठेवली आणि डबी स्वयंपाकघरातल्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली सारली. त्यानंतर हा विषय काढायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. म्हणजे त्याची बायको म्युरिएल सोडून, पण तीही आताशा थकली होती.

क्लिफर्डची रीत ठरलेली होती. इंजिन चांगलं गरम करायचं. कार्बुरेटरच्या बाजूचा बारीक स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा वाढते. त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथं गाडी सुखानं चालते. मग उठून दहा पावलं चालत शेडच्या दाराशी जायचं, पाठ करायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं.

आणि तिथंच तीन दिवस सगळं बिघडत होतं. गाडीजवळ ठीक वाटणारे ठोके दाराशी तुटक यायचे. दोन यायचे, एक गळायचा. मिसिंग मारतेय, असं म्हणत तो परत जायचा आणि वरचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवायचा. दाराशी सलग ऐकू येईपर्यंत वाढवायचा. आणि एवढ्या वेगात तो बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवा की दोन फेरे, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसायचं.

"काय रे क्लिफ," कुंपणापलीकडून डेस्मंड ओरडला. क्लबचा चिटणीस आणि स्पर्धेत दरवर्षी दुसरा येणारा. "गाडी ट्यून करतोयस का गवत कापतोयस? केवढी पळतेय ती!"

"पेट्रोल भिकार आहे," क्लिफर्ड ओरडला.

"माझ्याही गाडीत तेच आहे, बाबा."

"मग तुझी गाडीही भिकार आहे!"

डेस्मंड हसला आणि आणखी काहीतरी म्हणाला. ते काय होतं ते क्लिफर्डला कळलं नाही, म्हणून त्यानंही हसून मान हलवली. डेस्मंड जरा चमकल्यासारखा बघत राहिला आणि निघून गेला. आपण भलत्याच गोष्टीला हो म्हटलं, हे क्लिफर्डला समजलं आणि त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

मागून कुणीतरी खांद्यावर टकटक केली. चहाचा मग घेऊन म्युरिएल उभी होती.

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली. "आणि त्या बाईला का ओरडायला लावतोयस? परवापासून डोकं उठलंय माझं."

"कोणत्या बाईला?"

"या तुझ्या. भिंतीपलीकडे माझी चूल आहे, क्लिफ. सेहेचाळीस वर्षं ऐकतेय हिला. अशी किंचाळत नव्हती कधी."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"काही नाही. मला ती मेली कधी आवडलीच नाही. पण नावडतीचा आवाज बरोबर कानात बसतो." तिनं चहाचा मग खिडकीत ठेवला. "आधी ते किंचाळणं कमी कर."

"बंद पडेल."

"कर म्हणते ना."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यानं वरचा स्क्रू सैल केला.

"अजून."

"अगं, बंद पडेल!"

"नाही पडत. अजून. हं. आता तो दुसरा फिरव, दिवसभर ज्याच्याशी खेळतोयस तो."

त्यानं बारीक स्क्रू आत घेतला. "घुसमटतेय," म्युरिएल म्हणाली. त्यानं तो बाहेर काढला. "आता शिंकतेय. मागे घे. थोडा. अरे, थोडा म्हटलं, मेल्या! हं... हं... थांब. हात काढ."

त्यानं हात काढला. गुडघे चोळत उठला, सवयीनं दहा पावलं चालत दाराशी गेला, पाठ केली आणि डोळे मिटले.

काहीच नव्हतं. तुटक नाही, सलग नाही, एक ठोकासुद्धा नाही.

"गेली!" तो दाराकडे तोंड करूनच ओरडला. "सांगत होतो ना तुला, बंद पडेल म्हणून! तीन दिवस मरमर करतोय मी, आणि तू स्वयंपाकघरातून येऊन मला—"

तो तणतणत वळला. म्युरिएल गाडीशी हात बांधून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला खटकलं. मग त्याचं लक्ष मागच्या नंबरप्लेटकडे गेलं. नंबरप्लेट हलत होती. एकसारखी, अगदी संथ, थांबून थांबून, गेल्या अकरा वर्षांत कधी हलली नव्हती इतकी संथ.

"चालू आहे, क्लिफ," ती म्हणाली. ते त्यानं तिच्या ओठांवरून ओळखलं.

तो परत आला आणि टाकीवर तळवा ठेवला. ठोका तळव्याला लागला. मग दुसरा. तीन दिवस त्यानं जे जे दुरुस्त केलं होतं, त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. डोळे भरून आले तेव्हा पेट्रोलच्या वासाचं निमित्त बरं पडलं.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं टाकीकडे बघतच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "खणात ती डबी आहे बघ. दोऱ्यांच्या खाली."

म्युरिएलनं कानामागे हात धरला.

"काय म्हणालास?" ती म्हणाली. "जरा मोठ्यानं बोल. ऐकू नाही आलं."