प्रश्न उद्भवत नाही

माझा तास बुडत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या एका ताठ्यातून झाला.

मी मेघा. नागपुरातल्या एका सरकारी कॉलेजात चौदा वर्षं संख्याशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि उन्हाळा लागला की तुम्ही कोण नि आम्ही कोण. विभागात मंजूर पदं चार, भरलेलं एकही नाही. सगळे वर्ग मी आणि प्रीतम असे दोघं ओढतो. पदं भरायची तर सरकारनं निधीला मंजुरी द्यायला हवी, मग जाहिरात, मग परीक्षा. त्या परीक्षेला माझ्यासाठी वयाची अट त्रेचाळीस, आणि मला येत्या एप्रिलात त्रेचाळीस पूर्ण होतात. जाहिरात त्याआधी निघाली तर निघाली, नाहीतर माझ्यापुरता विषय संपला.

म्हणून दिवाळीआधी आम्ही दोघं एका आमदारांकडे गेलो. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं, मुंबईचं सरकार आपल्या दारात येतं. तेव्हा नाही विचारायचं तर कधी? आमदार भला माणूस. म्हणाले, "प्रश्न तुम्हीच लिहून द्या, मी टाकतो." प्रीतमनं तिथंच बसून तीन कलमं लिहिली. चार पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? त्यामुळे तासिका होत नसून विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? मी आनंदात होते. दुसऱ्या कलमाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं आमचे हेडक्लार्क देवराव एक कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. वर शिक्का, 'अत्यंत तातडीचे'. आमचाच प्रश्न! विधिमंडळातून मंत्रालयात, तिथून संचालकांकडे, तिथून प्राचार्यांकडे आणि प्राचार्यांकडून अभिप्रायासाठी विभागाकडे. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, प्रीतम दुसऱ्या कॉलेजात परीक्षेच्या ड्युटीवर, त्याचा फोन बंद. उरले मी. मला हसूच आलं.

"चार वाजेपर्यंत उत्तर पाहिजे मॅडम," देवराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, "दुसऱ्यात 'खरे आहे' लिहून टाका. तुमच्याच फायद्याचं हाय."

"काहून लिहू? माझा एक तरी तास बुडाला काय?"

"तसं नाही मॅडम. पण वरच्यायले दुसरं काय समजते?"

माझं डोकंच फिरलं. आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामठीहून ऑटो धरून फळ्यासमोर उभी होते. बाबा लहानपणी रोज ऐकवायचे, "शाळेची पायरी आपल्याले फुकट नाही भेटली पोरी." आणि आता माझे वर्ग बुडतात असं मीच लिहायचं? मी लिहिलं, 'हे खरे नाही. सर्व तासिका नियमितपणे घेण्यात येत असून विभागाचा निकाल एक्याण्णव टक्के आहे.' प्राचार्यांनी वाचलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मला बसा म्हणाले. छान लिहिलंत, म्हणाले. त्यांना छानच वाटणार. मलाही वाटलं, गाढव मी.

आमचा प्रश्न अडतिसावा होता. सभागृहात गोंधळ झाला, प्रश्नोत्तराचा तास चौथ्या प्रश्नावरच संपला, आणि बाकीच्यांची उत्तरं नुसती छापून आली. आमदारांच्या पीएनं प्रीतमच्या मोबाइलवर फोटो पाठवला. स्टाफरूममध्ये त्यानं तो मला वाचून दाखवला.

"एक, हे खरे आहे. दोन, हे खरे नाही, सर्व तासिका नियमितपणे घेण्यात येत असून..." तो थांबला. "तीन, प्रश्न उद्भवत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे दुसरं कोनं लिहिलं?"

"मी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "खरंच हाय म्हणा. आपले तास कुठं बुडते?"

आमदारांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, नुकसानच नाही असं तुमच्या कॉलेजनंच कळवलं. आता मी कोणत्या तोंडानं विचारू?" पुढचं अधिवेशन मुंबईत, तेव्हा बघू, म्हणाले. मग जाहिरात निघेपर्यंत एप्रिल कोणाच्या बापासाठी थांबणार होता?

दुसऱ्या दिवशी अकराच्या तासाला मी गेले नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. स्टाफरूममध्ये हात बांधून घड्याळाकडे बघत बसले. एक तास तरी बुडू दे, कुठंतरी त्याची नोंद होऊ दे, एवढंच मनात होतं. पोरांचा काय दोष, हे कळत होतं. लाज वाटत होती, पाय आपोआप दाराकडे वळत होते, तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. घंटा झाली. तास बुडाला.

पाचच मिनिटांत सुरुची आली. हिंगण्याहून दोन बस बदलून येणारी दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिच्या हातात हजेरीचं रजिस्टर होतं.

"मॅडम, बरं नाही काय तुमाले?"

"ठीक आहे मी. वर्ग गेला घरी?"

"नाही जी. तास झाला नाही तर तुमचे पैसे कटते ना? म्हणून आम्हीच बसून कालची गणितं सोडवली. हजेरी घेतली. काय शिकवलं तेही लिहून ठेवलं." तिनं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. आजच्या तारखेपुढे सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'तासिका नियमित झाली'. "कोणाले नाही समजणार मॅडम. फक्त तुमची सही राहिली."

तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. तिनंच पेन उघडून पुढे केलं, आणि मी सही केली.