पुढचं दार

मृत्यूला कुंपण ठाऊक नसतं, त्याच्या दारी गोरा काय नि मेक्सिकन काय, सगळे सारखे, असं फादर इलारियो दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गदगदून सांगत. सांगत ते मेक्सिकनांच्या कबरस्तानात, गोऱ्यांच्या कबरींपासून त्यांना अलग ठेवणाऱ्या तारेच्या कुंपणाला टेकून. तार गंजली की नगरपालिका नवी बसवून देई. टेक्सासातल्या त्या गावात एवढं एकच काम वेळेवर होई.

तोमासाचं यंदा प्रवचनात लक्ष नव्हतं. नवरा नेमेसिओ गेल्यानंतरचा हा पहिलाच मृतांचा दिवस. या दिवशी गेलेली माणसं घरी जेवायला येतात; आज तोही यायचा होता, आणि मधल्या काळात घर बदललं होतं. लेक इर्मा शिक्षिका. तिनं रेल्वेच्या रुळांपलीकडे, गोऱ्यांच्या वस्तीत, मॅग्नोलिया रस्त्यावर घर घेतलं होतं. तिथलं घर मेक्सिकनाला विकू नये, असं पूर्वी खरेदीखतातच असे. मेक्सिकन मोलकरीण मात्र चाले.

इर्मानं फाटकापासून पुढच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. "बाबा राजासारखे समोरून येतील."

"बँडबाजा तेवढा राहिला," तोमासा म्हणाली.

दिवाणखान्यात फोटोपुढे मेणबत्ती, पाणी, मीठ आणि मक्याच्या पिठात डुकराचं मटण भरून उकडलेले तामाले मांडले. मेलेला माणूस घास उचलत नाही, चव तेवढी उचलतो. तो येऊन गेला का हे कळायला एकच उपाय: पानातला तुकडा चाखायचा. फिका लागला, की समजावं जेवला.

तोमासानं दुपारी चाखला. झणझणीत! थोड्या वेळानं पुन्हा चाखला.

"आई, अशानं बाबांना काय उरणार?"

"अजून तिखटच आहे गं." तोमासानं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. घर न सापडलेला जीव वर्षभर उपाशी भटकतो.

तेवढ्यात मागच्या अंगणातून वास आला. ताज्या कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा. गवत कुणीच कापलेलं नव्हतं.

तोमासाला उमगलं. या रस्त्यावरची गवतं नेमेसिओनं तीस वर्षं कापली होती, या घराचंही. पाणी बागेच्या नळीचं, डबा मागच्या पायरीवर, आणि दिवस मावळायच्या आत रुळ ओलांडून आपल्या वस्तीत परत; अंधारात मेक्सिकनानं इथं दिसायचं नाही. उशीर झाला तर पोलीस गाडी हळू करून विचारी, "काय अमिगो, वाट चुकलास?"

तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. पायरीवर नेमेसिओ बसला होता. त्याच्यातून पलीकडची भिंत पुसट दिसत होती.

"अहो, समोरून यायचं ना! पोरीनं फुलं घातलीत."

"पाहिली. म्हटलं, कुणाचं लग्न असेल. तुडवली असती तर मालकीणबाई ओरडल्या असत्या."

"कुठली मालकीण? घर आपलं आहे."

"हळू बोल," नेमेसिओ म्हणाला.

मेलेल्यालाही भीती वाटते, हे तोमासाला नवीन होतं.

"कुणाशी बोलतेस?" इर्मा मागे येऊन उभी राहिली. तिला पायरी रिकामी दिसत होती.

"बाबांशी. पान इकडे आण."

"मागच्या पायरीवर? आजही?"

"मानाचं नंतर बघू. माणूस उपाशी आहे."

इर्मानं पान आणलं, पायरीवर ठेवलं, बराच वेळ रिकाम्या हवेकडे पाहत राहिली. मग वाकून एक तुकडा तोंडात टाकला.

"फिका," ती म्हणाली आणि पदर नसलेल्या बाया करतात तसं मनगटानं डोळे पुसू लागली.

ऊन छपरावर चढलं. नेमेसिओ उठला. "निघतो. दिवस मावळायला आला."

"कुठं निघता? तिकडचं घर विकलं."

"अगं, पण रस्त्यावरचे दिवे लागतील."

"लागू देत. बसा. बघू कोण उठवतं ते."

घराच्या कडेनं दिसणाऱ्या रस्त्यावर दिवे लागले. समोरून एक गाडी आली आणि घरापाशी हळू झाली. तिघांनी श्वास रोखला. त्यातला एक श्वास घेतच नव्हता, तरी त्यानंही रोखला. गाडी निघून गेली.

नेमेसिओ सावकाश खाली बसला. पेटलेले दिवे एकेक करून पाहिले. मग संकोचून म्हणाला,

"मग जरा बूट ओढ ना गं माझे. उजवा निघत नाही."