बाहेरून कुलूप

"मामी, बाहेरून कुलूप लावा अन् मी दार वाजवेपर्यंत उघडू नका," असं कावेरीनं सासूला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अशी सून अख्ख्या चौसाळा गावात दुसरी सापडायची नाही. पण दोनदा तोंड पोळलेल्या बाईनं करायचं तरी काय, सांगा!

ऑनलाइन कोर्सची शेवटची परीक्षा होती ती. पहिल्या वेळी ऐन मध्यात लाईट गेली. दुसऱ्या वेळी लाईट होती, नेट होतं, सगळं होतं, तर सासूबाई, म्हणजे गंगासागरबाई, भस्माची वाटी घेऊन आत आल्या. सून परीक्षेला बसलीय आणि कपाळ रिकामं? तीन बोटं ओढली, डोक्यावरून हात फिरवला, "व्हशील गं पास," म्हणाल्या. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं म्हणून परीक्षा जागेवर रद्द! त्यानंतर चार दिवस म्हातारी धड जेवली नाही.

आता तिसरी वेळ, आणि नियमाप्रमाणं शेवटची. पास झाली तर पुण्याची एक कंपनी प्रोग्राम लिहायचं काम घरबसल्या द्यायला तयार होती. नाही झाली तर काय, ते सासरे मन्मथप्पांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "मग ते कॉम्प्युटरचं मशीन कपाटात, अन् तू दुकानात. ब्लाउजपीस फाडायला माणूस लागतंच की." बी.एस्सी. झालेली बाई सात वर्षं ब्लाउजपीसच फाडत होती. आणखी तीस वर्षं तेच?

दुकानामागची कोठी हीच तिची शाळा. छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे, वर एक जाळीची खिडकी, आणि उकाडा असा की श्वाससुद्धा घडी घालून घ्यावा. वर्षभर इथंच ती शिकली. व्हिडिओतल्या सरांना थांबवता यायचं, विचारता काही यायचं नाही. प्रोग्राम लिहिला की स्क्रीनवर लाल अक्षरं. दुरुस्त केला की पुन्हा लाल अक्षरं. एकदा तर तिनं संतापानं कापडाची कात्री भिंतीवर भिरकावली आणि गठ्ठ्यात तोंड खुपसून रडली.

मग एक दिवस रडायचाही कंटाळा आला, तेव्हा तिनं ती लाल ओळ शेवटपर्यंत वाचली. चूक कितव्या ओळीत आहे, एवढंच तिथं लिहिलं होतं. कावेरी बिनडोक आहे, असं कुठंच नव्हतं! या घरात काही बिघडलं की कोणाचं चुकलं ते आधी ठरायचं. कुठं चुकलं, हे कोणी विचारतच नसे. तेव्हापासून लाल अक्षरं आली की ती हात मांडीवर ठेवायची आणि पहिल्यापासून तीनदा वाचायची.

तर, कुलूप लागलं. गंगासागरबाई दाराला पाठ टेकून पायरीवर बसल्या. आत नियम असे, की बोलायचं नाही, उठायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही. वीस मिनिटं बरी गेली. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला. कुठल्यातरी शहरातून तिच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसानं इंग्रजीत लिहिलं होतं. गळ्यात बंद डबी दिसते आहे, आत काय आहे कळत नाही, एखादं उपकरण असू शकतं, काढून लांब ठेवा.

कावेरीचा हात गळ्याशी गेला. उकाड्यानं पदर सरकला होता आणि चांदीची डबी उघडी पडली होती. आत इष्टलिंग, लिंगायतांनी जन्मभर अंगावर वागवायचा देव. आठव्या वर्षी स्वामींनी दीक्षा देऊन गळ्यात घातलं, ते अंगावेगळं कधी झालं नव्हतं. अंबाजोगाईला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाही ती ते दंडाला बांधून आत गेली होती.

तिनं लिहिलं, हा आमचा देव आहे, काढत नाहीत.

उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखे. तीन मिनिटं देतो.

काढावं, तर मामींना तोंड कसं दाखवायचं? आणि मामींचं सोडा, स्वतःला? न काढावं, तर जन्मभर ब्लाउजपीस. हातभर अंतरावर, दारापलीकडं सासू बसलेली, आणि "मामी, काय करू?" एवढं विचारायचीसुद्धा सोय नाही. तोंड उघडलं की परीक्षा संपली. भडव्यांनो, उचलून आपटू का हे मशीन, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

तिनं हात मांडीवर ठेवले. पहिल्यापासून वाचलं. पुन्हा वाचलं. मघाशी 'काढा' एवढंच दिसलं होतं. तिसऱ्यांदा नजर मधल्या शब्दांवर अडली. आत काय आहे कळत नाही. अडलंय ते इथं!

तिनं डबी उघडली. रोज पूजेला घेते तसं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. परक्या माणसानं ते कधी बघितलं नव्हतं. तिनं हात तसाच धरून ठेवला.

चौकोन पाच-सहा मिनिटं कोराच राहिला. मग उत्तर आलं. ठीक आहे, लिहा.

नऊ मिनिटं गेली होती, ती काही परत मिळाली नाहीत. शेवटच्या प्रश्नाला दोनदा लाल अक्षरं आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला सवड नव्हती. तशीच वाचत, दुरुस्त करत गेली. वेळ संपली, आणि निकाल तिथंच उमटला.

तिनं दार वाजवलं. कुलूप निघालं. गंगासागरबाईंनी आधी सुनेचा गळा बघितला.

"मधीच टकटक थांबली गं. काय झालतं?"

"गळ्यातलं काढ म्हणले, मामी."

म्हातारीचा चेहरा उतरला. "काढलंस?"

"न्हाई."

"मंग गेली म्हण परीक्षा."

"न्हाई मामी. पास झाले."

 बाईंनी हातातल्या कुलपाकडं बघितलं. मग दुकानाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, धोंडीराम सुताराला बोलवा."

"कावून?" मन्मथप्पा तिकडून ओरडले. "काय मोडलं?"

"मोडलं न्हाई काही. कोठीच्या दाराला कडी बसवायची हाय. आतून."